अक्काचं सूप

धुळ्याच्या आमच्या तेलगिरणीने नुसतं तेल न काढता निवडक शेंगदाणाही परदेशी धाडायचं ठरवलं, तेव्हा मी तिथे कारकून होतो. जिभेला हाड नाही, ही माझी ख्याती.

दाणे निवडणाऱ्या बायकांत अक्का सगळ्यात म्हातारी. सूप मांडीवर, नजर दाराबाहेर. बोटं मात्र सुरकुतलेला, चिरलेला दाणा अचूक बाजूला काढायची. शेजारणी तिला सूप हातात द्यायच्या, चहाचा पेलाही हातात. मला वाटायचं, काय हा रुबाब! "अक्का, जरा खाली बघा की," म्हटलं की एक सडका दाणा माझ्या तळहातावर ठेवून म्हणायची, "हाऊ दाना तुना वाट्याना शे, भाऊ." बायका खिदळायच्या.

एकदा माल परदेशी पाठवणाऱ्या कंपनीचे साहेब तपासणीला आले. गिरणीची शान वाढवायची मला हुक्की आली. "साहेब, आमच्या अक्का न बघता निवडतात!"

सगळ्या बायकांचे हात थांबले. साहेबांनी तिच्या डोळ्यांपुढे हात हलवला. पापणी लवली नाही.

"आंधळ्यांकडून निवडून घेता?" त्यांनी मालकांना विचारलं.

तिच्या सुपात एकही वाईट दाणा नव्हता. तरी उद्यापासून येऊ नको, असा निरोप तिला द्यायचा ठरला. द्यायला अर्थात मीच.

फाटकापर्यंत तिचा हात धरून गेलो. "अक्का, मला कोणी सांगितलंच नाही हो."

तिने हात सोडवून घेतला आणि भिंत चाचपली.

"तू असा शे, म्हनीसनच तुले कोनी सांगं नही, भाऊ."