विलासभाऊ कानाचं माप घेतात

गोष्टी ठरवून कोणी जमवत नाही. माझ्या शिलाईच्या दुकानात चिंध्या जमतात तशा त्या जमत जातात आणि एक दिवस पोतं भरलेलं दिसतं. हे पोतं मात्र माझं नाही, शेजारच्या विलासभाऊंचं आहे.

बालाघाटच्या बसस्टँडमागे आमची दोन दुकानं, मध्ये एक भिंत. अलीकडे मी कपडे शिवतो, पलीकडे भाऊ स्पीकर दुरुस्त करतात, लग्नाला साउंड देतात. कधीकाळी खाणीतले एक इंजिनिअर साहेब टेप दुरुस्तीला टाकून बदलीवर गेले ते परत आलेच नाहीत. टेपमध्ये एक कॅसेट होती. टेस्टिंगसाठी भाऊंनी ती लावली, आणि माणूस जॅझचा झाला तो कायमचा. आता सगळं मोबाईलवर मिळतं.

भाऊंचं म्हणणं असं, की जॅझ न आवडणारा माणूस जगात नाही. त्याला त्याचं जॅझ सापडलेलं नसतं एवढंच. नवा माणूस आला की ते आवडता गायक विचारत नाहीत. विचारतात, "कोणता आवाज आला का तुमाले बरं वाटते?" मग काहीतरी लावतात आणि त्याच्या पायाकडे बघत बसतात. "तोंड खोटं बोलते. पाय नाही बोलत."

हा नुसता शौक होता तोवर आम्ही हसायचो. मग गिरजाकाकूंना, म्हणजे भाऊंच्या आईला, कमी ऐकू यायला लागलं. गोंदियाच्या डॉक्टरांनी सांगितलं, जे आहे तेही हळूहळू जाणार. आवाजावरच पोट भरलेल्या भाऊंनी मनाशी एक ठरवलं: कान जायच्या आत आईला तिचं काहीतरी सापडलं पाहिजे. रोज दुपारी काकू डबा घेऊन येत, भाऊ काहीतरी लावत. काकू म्हणत, "बेस आहे रे." पाय जागचा हलत नसे.

*

आधी माझंच सांगतो. मी म्हटलं, "मले माह्या मशीनचा आवाज बरा वाटते. बाकी काही समजत नाही." भाऊंनी एक लावलं, त्यात ड्रमवाला काडीऐवजी तारांचा कुंचला फिरवत होता. पाच मिनिटांनी भाऊ म्हणाले, "खाली पाय." माझा पाय पायडल मारत होता! तीस वर्षं मी मशीन चालवतोय, पण तिला असा ताल आहे हे त्या दिवशी कळलं. खरं सांगतो, अंगावर काटा आला.

*

कटंगीचे सुखदेव राइस मिलमध्ये मशीनवर असतात. जुना स्पीकर घेऊन आले होते. म्हणाले, "मिल सुरू असली का झोप लागते, बंद पडली का जाग येते."

भाऊंनी ड्रमचा नुसता कल्लोळ लावला. भिंतीअलीकडे माझी सुई बोटात गेली. धावत जाऊन बघतो तर सुखदेव खुर्चीतच घोरताहेत. मी म्हटलं, "गेलं हे गिऱ्हाईक."

"काहून? बरोबर लागू पडलं ना," भाऊ कुजबुजले. "उठवू नको."

मिल बंद असते त्या दिवसांत सुखदेव आता तेच लावून झोपतात. त्यांच्या बायकोला काय वाटतं, ते विचारायची माझी हिंमत नाही.

*

हार्मोनियम शिकवणारे आमचे एक गुरुजी आहेत. त्यांनी दोन मिनिटं ऐकलं आणि निकाल दिला, "याले ना सम, ना ठेका. बेकार की चीज है."

भाऊ म्हणाले, "गुरुजी, फक्त अठ्ठेचाळीस मात्रा मोजा."

गुरुजी बोटांवर मोजायला लागले. ट्रम्पेटवाला कुठल्या कुठे भटकायला गेला, गुरुजींच्या कपाळावर आठ्या चढल्या. अठ्ठेचाळीस संपल्या आणि सगळे एका जागी हजर. तिसऱ्या फेरीला गुरुजींची मांडीवरची थाप नेमकी त्यांच्याबरोबर पडली. गुरुजींनी स्वतःचे कान पकडले.

"अरे, हे तं समेवर येतेत!"

"मंग? तुमाले का वाटलं, घर विसरले?"

*

लांजीला एक लग्न होतं. मंडपात साउंड तपासताना भाऊंनी सवयीने ट्रम्पेटचा एक संथ तुकडा लावला. बघता बघता नवरीच्या तिन्ही आत्यांनी पदर डोळ्याला लावले. नवरीची आई धावत आली, "वरात यायची आहे अजून, काहून रडून राह्यल्या?"

मोठी आत्या म्हणाली, "माहीत नाही वं, पण आवरत नाही."

भाऊंनी घाईघाईने बंद केलं, माफी मागितली. पंधरा दिवसांनी तीच आत्या बस पकडून दुकानात हजर. "ते रडवणारं लावा. घरी रडाले जागा नाही भेटत."

बाईंनी पूर्ण ऐकलं, नळावर तोंड धुतलं आणि चारच्या बसने परत गेल्या.

*

थंडी सुरू झाली तोवर काकूंना ट्रम्पेट पोचेना, पियानो पोचेना. भाऊ खचले. "साऱ्या गावाले सापडलं, माह्या मायलेच नाही," म्हणाले, आणि माझ्यासमोर रडले.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी बारीक आवाज सगळे बंद केले, फक्त खालचा घुमारा ठेवला आणि एकट्या बासचा तुकडा लावला. हे वाद्य माणसापेक्षा उंच असतं, बोटांनी तारा छेडत उभ्यानेच वाजवतात. मोबाईलवर फोटो पाहिला तेव्हा मला पटलं. काकू मोबाईलकडे बघत नाहीत; तेवढ्याशा काचेत काय दिसते, म्हणतात.

भाऊंनी आईचा तळवा स्पीकरच्या खोक्यावर ठेवला. काकू डोळे मिटून बसल्या. तुकडा लांबलचक होता. थोड्या वेळाने त्यांच्या पायाचा अंगठा हलला, मग अख्खं पाऊल. भाऊंनी माझा हात घट्ट धरला. मला वाटलं, झालं, सापडलं.

काकूंनी तळवा तसाच ठेवला, डोळे उघडले आणि म्हणाल्या, "विलास, त्याले बसाले सांग ना. केव्हाचा उभा राहून वाजवून राह्यला बिचारा."