मुक्कामी गाडी आणि आमच्या फ्रेंच जाऊबाई

सरकारचं काही चुकत असताना घरी बसून राहणं हा गुन्हा आहे, असं मनापासून मानणारी एकच व्यक्ती आमच्या साऱ्या हिंगणघाट तालुक्यात होती, आणि ती या तालुक्यातली नव्हती, जिल्ह्यातली नव्हती, देशातलीही नव्हती. माझ्या मोठ्या जाऊबाई फ्रान्सच्या होत्या.

हे कसं घडलं ते आधी सांगून टाकते, म्हणजे पुढचं सोपं जाईल. माझे भासरे, म्हणजे नवऱ्याचे थोरले भाऊ, तरुणपणी कापडगिरणीतल्या यंत्रांचं शिक्षण घ्यायला फ्रान्सच्या उत्तरेकडच्या एका गिरणीगावी गेले होते. परत येताना त्यांनी यंत्रांचे नकाशे आणि बायको आणली. नकाशे हिंगणघाटच्या कोणत्याच गिरणीला उपयोगी पडले नाहीत. बायको मात्र वडनेरहून आत फुटणाऱ्या रस्त्यावरच्या आमच्या लहानशा गावात अशी रुजली, की मी लग्न होऊन आले तेव्हा तुरीची डाळ कशी भरडायची ते मला त्यांनीच शिकवलं. भाषा त्या सासूबाईंकडून शिकल्या होत्या, आणि सासूबाईंना एकच मराठी येत होती, त्यामुळे जाऊबाई अस्सल वऱ्हाडी बोलायच्या. फक्त ‘र’ घशातून यायचा, गुळण्या केल्यासारखा. वर्ध्याचे शिकलेले लोक त्यांच्याशी इंग्रजीतून सुरुवात करायचे आणि समोरून ‘काऊन जी, मराठी येत नाई का तुमाले?’ असं आलं की गडबडून जायचे. साऱ्या गावाच्या त्या मोठीआई. स्वतःचं मूल नव्हतं.

त्यांचे वडील गिरणीकामगार. बाकीच्या बायकांना लहानपणची जत्रा आठवते, जाऊबाईंना संप आठवायचे. कोणत्या संपात वडिलांच्या खांद्यावर होत्या, कोणत्या संपात पायी चालल्या, कोणत्या संपात पोलिसाच्या घोड्यानं हातातला पाव खाल्ला, हे सगळं त्या अशा लाडानं सांगायच्या, की ऐकणाऱ्याला वाटावं हिच्या माहेरी सणच ते. नागपूरचं वर्तमानपत्र दुपारच्या गाडीनं यायचं. त्यात त्या ‘सुधारणा’ हा शब्द शोधायच्या. सापडला की चष्मा काढून म्हणायच्या, ‘झाली यांची सुरू.’ मग तुरीच्या पोत्याचं कापड कापून, दोन काठ्यांना बांधून, त्यावर निळीनं अक्षरं काढायची. जुनी अकरावीची मॅट्रिक जाऊन दहावी-बारावी आली, तेव्हा त्या पोत्याचं कापड घेऊन थेट वर्ध्याला गेल्या. मी म्हटलं, बाई, आपल्या घरातलं कोणी मॅट्रिकला नाही, तुमचा यात काय संबंध? त्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. ‘मले लेकरू नाई, म्हून का मले मत नाई?’ असं म्हणून गाडीत चढल्या.

त्यांच्या देशात आणि आपल्यात काय फरक आहे, हा त्यांचा आवडता विषय होता, आणि कापूस निवडताना तो रोज निघायचा. त्यांच्याकडे म्हणे मंत्र्यानं काही नवीन आणलं, की लोक आधी पायात बूट घालतात आणि मग विचारतात काय आणलं. शेतकरी सगळा भाजीपाला साहेबाच्या दारात ओततात. मास्तर रस्त्यावर, नर्सा रस्त्यावर, न्हावी रस्त्यावर. आपल्याकडे? आपल्याकडे माणूस सरकारवर रागावला की जेवण सोडतो. हे त्यांना शेवटपर्यंत पटलं नाही. वर्धा जिल्ह्यात राहून उपोषणावर टीका करणं म्हणजे कोकणात राहून माशांवर टीका करण्यासारखं आहे, पण त्या करायच्या. ‘सरकार चुकलं तं मी काऊन उपाशी राहू? सरकारले उपाशी ठेवा ना.’ भासऱ्यांनी एकदा त्यांना शांत करायला कुठंतरी वाचलेलं सांगितलं, की जपानातले कामगार रागावले की दंडाला काळी फीत लावतात आणि रोजच्यापेक्षा जास्त काम करतात. जाऊबाईंनी हातातला कापूस खाली ठेवला. मग अगदी काळजीनं विचारलं, ‘मंग मालकाले कसं समजते, का हे रागावले?’

भासरे शांत माणूस. त्यांना एकाही मागणीत रस नव्हता. तरी प्रत्येक वेळी सोबत जायचे. कचेरीसमोर त्या कापड धरून उभ्या राहिल्या, की हे पलीकडे कडुनिंबाखाली पाण्याची सुरई घेऊन उभे. कोणी विचारलं की म्हणायचे, मी मोर्चात नाही, मी मोर्चातल्या बायकोसोबत आहे. आणीबाणीत मात्र त्यांनी हात जोडले. ‘तुझ्या देशात पोलीस घोड्यावरून येतात, इथं जीप येईल आणि तुला विमानात बसवून देईल,’ म्हणाले. त्या काळात जाऊबाई घरात होत्या, आणि कापूस निवडायला बसल्या की सरकीसुद्धा शिल्लक राहणार नाही, अशा रागानं निवडायच्या.

हिंगणघाटच्या तहसिलीतला प्रसंग तर आमच्या घरात अजून सांगतात. रेशनच्या दुकानांची काही नवीन पद्धत आली होती. जाऊबाई भर उन्हात कचेरीच्या पायऱ्यांसमोर उभ्या. आधी शिपाई खुर्ची घेऊन आला. त्या बसल्या नाहीत. मग तहसीलदार स्वतः बाहेर आले, आणि जाऊबाई घोषणा द्यायला तोंड उघडणार तोच वाकून पाया पडले. लहानपणी ते भासऱ्यांकडे गणित शिकायला यायचे आणि मोठीआईच्या हातची भाकर खाऊन जायचे. आत नेलं, चहा दिला, आमच्या म्हशीची चौकशी केली आणि जीपनं घरी पोचवलं. जाऊबाई आल्या त्या धुमसत. पोत्याचं कापड चुलीजवळ फेकलं. ‘पाया पडणाऱ्यावर ओरडाचं कसं? तुमच्या इथं सरकार नसतेच. सारे भाचेच असते.’

मला याचं हसू यायचं. मी महिला मंडळाची सचिव. कामाची यादी करावी, ज्याच्या हातात काम आहे त्याची बायको कोणाची कोण ते शोधावं, आणि काम करून घ्यावं, ही माझी पद्धत. जाऊबाई मला ‘सेक्रेटरी’ म्हणायच्या, आणि त्यात कौतुक किती आणि टोमणा किती, हे मला कधी नीट मोजता आलं नाही.

भासरे गेले ते सत्तरच्या दशकाच्या अखेरीस, साध्या तापानं. त्यानंतर जाऊबाई पहिल्यांदा एकट्या कचेरीसमोर उभ्या राहून आल्या, तेव्हा मी विचारलं, कसं झालं? म्हणाल्या, काही नाही, झाडाखाली कोणी नव्हतं. बस, एवढंच.

मग मुक्कामी गाडीची गोष्ट झाली. मुक्कामी म्हणजे संध्याकाळी हिंगणघाटहून निघून आमच्या गावात थांबणारी आणि सकाळी इथूनच परत जाणारी लाल गाडी. तिचे ड्रायव्हर-कंडक्टर देवळाच्या ओसरीवर झोपायचे आणि त्यांचं जेवण घराघरांतून पाळीनं जायचं. पाळ्या मीच लावून दिल्या होत्या. हिंगणघाटला अकरावी-बारावीला जाणाऱ्या आमच्या मुली त्याच गाडीनं परत यायच्या. माझी थोरलीही त्यांत होती. एक दिवस डेपोतून सुधारित वेळापत्रक आलं. मुक्काम बंद. संध्याकाळची गाडी आता वडनेरलाच थांबणार. तिथून आमचं गाव आत, आणि रस्ता अंधारी झुडपांचा. दोन मुलींच्या बापांनी लगेच सांगून टाकलं, झालं तेवढं शिक्षण पुरे.

जाऊबाई दारोदार गेल्या. शेवटच्या मुक्कामाच्या सकाळी गाडी गावातून निघू द्यायची नाही, सगळ्यांनी रस्त्यात बसायचं. गाडी परत गेली नाही तर डेपोच्या साहेबाला गावात येऊन बोलावं लागेल. हिशेब सरळ होता. सगळ्यांनी हो म्हटलं. आपल्याकडे मोठीआईला नाही कोण म्हणणार?

पण गावात दुसराच विचार सुरू झाला होता. ड्रायव्हर वर्षानुवर्षं आमच्या घरची भाजी-भाकर खाल्लेला. कंडक्टरच्या मुलाच्या बारशाला आमचा पाळणा गेलेला. गाडी उशिरा पोचली तर मेमो यांना मिळणार, साहेबाला नाही. घरच्या माणसाला कोणी अडवतं का? आणि आता ते कायमचे चालले, तर त्यांना असं कोरडं कसं पाठवायचं? म्हणून गावानं ठरवलं, निरोप द्यायचा. तयारी माझ्याकडे आली. दोन टोप्या, दोन नारळ, एक शाल, गाडीला हार, कुंकू, पेढे. काही विसरलं नाही.

सकाळी सगळं गाव जमलं. एवढी गर्दी पोळ्यालाच होते. जाऊबाई आधीच येऊन गाडीसमोर मांडी घालून बसल्या होत्या, पांढरं लुगडं, पांढरे केस, मांडीवर पोत्याचं कापड. लोक येताना पाहून त्यांचा चेहरा असा उजळला, की तसा मी भासरे गेल्यानंतर पाहिला नव्हता. मग त्यांना आरतीचं ताट दिसलं.

कोणाला त्यांचा अपमान करायचा नव्हता. उलट बायका गाडीच्या बॉनेटला हळद-कुंकू लावायला गेल्या, तेव्हा वाटेतच मोठीआई बसलेल्या म्हणून त्यांच्याही हातावर पेढा ठेवून पुढे गेल्या. सरपंचांनी भाषणात ड्रायव्हरचे आभार मानले, कंडक्टरचे मानले, आणि ‘मोठीआईही निरोप द्यायला एवढ्या सकाळी आल्या’ म्हणून त्यांचेही मानले. टाळ्या झाल्या. जाऊबाई बसूनच होत्या. ड्रायव्हर टोपी-नारळ घेऊन त्यांच्यासमोर उकिडवा बसला आणि हळूच म्हणाला, ‘मोठीआई, तुमी म्हनसान तं मी गाडी नाई काढत. पन माही नोकरी जाईन.’  त्या त्याच्याच खांद्याला धरून उठल्या आणि बाजूला झाल्या. गाडी गेली. त्यांच्या हातातला पेढा तसाच होता.

पुढचं काम मी माझ्या पद्धतीनं केलं. डेपोच्या साहेबांची बायको वडनेरकडची निघाली. संक्रांतीला महिला मंडळाच्या बायका घेऊन मी तिच्याकडे वाण लुटायला गेले. तिळगूळ झाला, माहेरच्या गोष्टी झाल्या, आणि बोलता बोलता मुलींची गोष्टही झाली. होळीच्या आत संध्याकाळची गाडी पुन्हा गावात यायला लागली. मुक्काम नाही, मुली उतरवून लगेच परत. पण आली. ज्या बापांनी शाळा सोडवली होती त्यांतल्या एकानं मुलीला परत पाठवलं, दुसऱ्यानं तोवर तिचं लग्न ठरवलं होतं.

पहिल्या दिवशी गाडी आली तेव्हा मी धावत जाऊबाईंकडे गेले. त्या ओसरीवर बसून रेडिओ ऐकत होत्या. मी म्हटलं, बाई, आली बघा गाडी, ना ओरडणं ना अडवणं. खरं सांगायचं तर मला शाबासकी हवी होती. ती मिळालीही. त्यांनी माझ्या तोंडावरून हात फिरवला. मग रेडिओ बंद करून म्हणाल्या, ‘चांगलं केलं तू. गाडी आली. पन त्या दिवशी माह्याजवळ कोनी येऊन बसलं नाई.’

त्यानंतर त्या कुठंच गेल्या नाहीत. वर्तमानपत्र यायचं, त्यात सुधारणाही यायच्या. त्या वाचायच्या आणि घडी घालून ठेवून द्यायच्या. गावाला बरं वाटलं, की मोठीआई आता वयाप्रमाणे वागायला लागल्या. मला त्यांच्या अंगणावरून जाताना चुकल्यासारखं व्हायचं. तिकडे त्यांच्या देशात शाळांच्या कुठल्याशा कायद्यावरून माणसांनी रस्ते भरून टाकल्याची बातमी लागली होती. मला वाटलं त्या खूश होतील. त्या फक्त म्हणाल्या, ‘माहा भाऊ गेला असन. त्याले थंडी सोसत नाई.’

एका वर्षी आमच्या गावच्या दवाखान्यात येणाऱ्या डॉक्टरला वडनेरलाच बसवायचं ठरलं. तीही सुधारणाच. मी सकाळी स्वयंपाक उरकला, मुलांचं पाहिलं, आणि जाऊबाईंच्या ओसरीवर जाऊन म्हटलं, चला. कुठं, म्हणून विचारलं त्यांनी. मी सांगितलं, वडनेरला, डॉक्टरसाठी.

‘कोन कोन आहे?’

‘मी आहे,’ मी म्हटलं.

त्यांनी मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. मग हसल्या. म्हणाल्या, ‘सेक्रेटरी, माहे गुडघे आता बसू देत नाई, अन् बसली तं उठू देत नाई.’ बाजूची जागा हातानं झाडून मला बसवलं. आम्ही वडनेरला गेलो नाही. ऊन ओसरीच्या पायरीपर्यंत आलं होतं. मी विचारलं, तुमच्या वडिलांच्या संपात काय घोषणा देत होते? त्या म्हणाल्या, एकटीनं नाही देता येत ती. पुढचा माणूस विचारतो, ‘कोण आलं?’ आणि मागचे सगळे म्हणतात, ‘आम्ही आलो.’ मागून कोणी म्हणावं लागतं.

मग त्यांनी आपल्या भाषेत, हळू, पुढच्या माणसाचं वाक्य म्हटलं. मला त्यातलं अक्षर कळलं नाही, पण काय विचारलंय ते ठाऊक होतं. मी मराठीतच म्हटलं, ‘आम्ही आलो.’ आवाज काही मोठा नव्हता, अंगणापलीकडे गेला नसेल. जाऊबाईंनी मान हलवली, सरळ बसल्या, आणि पुन्हा विचारलं.