भाऊजींच्या चुलीजवळची दीर्घिका

विश्वात कुठेही काही घडलं, तरी ते आमच्या भाऊजींच्या घरात आधीच घडून गेलेलं असतं. भाऊजी म्हणजे माझे थोरले दीर. एसटीतून निवृत्त झाल्यापासून कडावला म्हशी आणि आकाश अशी दोन खाती सांभाळतात. त्यांना तव्यावरच्या भाकरीत ग्रहण दिसतं आणि गोठ्यातल्या गोचिडांत लघुग्रह. एकदा कशेळ्याच्या जीपमध्ये धूमकेतूची शेपटी समजावताना त्यांनी शेजारच्या माणसाचं उपरणं खिडकीबाहेर सोडलं होतं. ते उपरणं अजून परत आलेलं नाही.

गेल्या थंडीत त्यांच्या सुनेला, सुनीताला, कर्जतच्या एका खानावळीनं दही मागितलं. पसंत पडलं तर रोजचं गिऱ्हाईक. मी दहिवलीहून मदतीला गेले होते. संध्याकाळी दुधाचं पातेलं तिवईवर निवत ठेवून सुनीता धारा काढायला गेली आणि भाऊजींना त्या पातेल्यात दीर्घिका दिसली. मोठाल्या दीर्घिका नवे तारे घडवायचं का थांबवतात, हे त्यांनी मला तिथेच समजावलं. वायू पुष्कळ असतो, पण तारा जमायला तो निवावा लागतो, आणि मधलं कृष्णविवर झोत सोडून त्याला निवूच देत नाही. “दूध संपलं नाय गं, आच संपत नाय,” म्हणत त्यांनी पातेल्याखाली निखाऱ्यांचं घमेलं सरकवलं. घमेलं मागे ओढेपर्यंत दूध चांगलंच तापलं होतं. मी बरण्या आणायला ओटीवर गेले तेवढ्यात सुनीता घाईघाईनं आली आणि निवलं का म्हणून विचारलं. भाऊजी अजून अवकाशातच होते. त्यांनी हो म्हटलं, तिनं विरजण घातलं, आणि सकाळी दुधाचं दूधच.

सुनीता ओरडली नाही. खानावळीला फोन करून तिनं एक दिवस मागून घेतला आणि मग म्हणाली, “बाबा, आज तुमी मदत नका करू. नुसतं लांब बसा.”

त्या संध्याकाळी भाऊजी घराकडे पाठ करून शेताच्या बांधावर बसले. दुसऱ्या दिवशी दही सुरीनं कापावं असं लागलं. खानावळीनं रोजचं ठरवून टाकलं. मी वाटी घेऊन बांधावर गेले, तर ते पुन्हा तिथेच. अशा विझलेल्या दीर्घिकेत परत कधी तारे होतात का, असं मी मुद्दाम विचारलं.

“होतात थोडे. वायू कुठंकुठं निवतो,” ते म्हणाले. “पण मधल्यानं गप ऱ्हायला लागतं.”

बराच वेळ ते चमचा वाटीत फिरवत राहिले. मग हळूच विचारलं, “आत कोन माझं नाव काढतंय का गं?”

आत सुनीता टेंपोवाल्याला खानावळीचा रस्ता सांगत होती.