आधी वस्तू, मग माणूस

डावा तळहात पुढे धरायचा, उजव्या हाताच्या बोटाने त्यावर तीन घरं आखायची आणि एकेका घरावर बोट टेकवत म्हणायचं, "काम. वस्तू. माणूस." गुरुजींना असं करताना तुम्ही पाहिलं असतं तर तुम्हाला वाटलं असतं, हा गृहस्थ स्वतःचाच हात बघून भविष्य सांगतोय. ते इंग्रजीचं वाक्य जुळवत असत. "गिव्ह. इट. टू हिम. दे, ते, त्याले." मग मान हलवून म्हणत, "या भाषेले दमच नाही, सर. काय, कोणाले, काही सांगाच्या आधी 'दे' म्हणून मोकळी!"

विदर्भ मुंबई राज्यात गेला त्याच्या पुढच्या वर्षीची गोष्ट. मी पुसदच्या एका हायस्कुलात इंग्रजी शिकवायला नुकताच लागलो होतो. गुरुजी चाळिशीला आलेले. पुसदपासून आठ मैलांवरच्या बंजारा तांड्यावर ते प्राथमिक शाळेचे मास्तर होते. त्यांचे आजोबा बैलांच्या पाठीवर मीठ लादून मुलूखभर हिंडलेले. नातवाने तांड्याच्या मधोमध शाळा उभी केली. ओढ्यातले दगड बायकांनी डोक्यावर वाहून आणले होते, दारं तांड्याच्या नाईकाने दिली होती.

शाळेत चार वर्ग होते. ते आता सातवीपर्यंत वाढणार होते, आणि त्यासाठी हेडमास्तर मॅट्रिक पास हवा होता. गुरुजी बाकी विषयांत पास, इंग्रजीत तीनदा नापास.

"या साली नाही झालो तं दुसरा मास्तर येते," ते पहिल्याच भेटीत म्हणाले.

"येऊ द्या की. शाळा तर वाढेल."

"वाढन. पण तो मराठीत बोलन, सर. पहिलीतल्या लेकराले मराठी कुठं येते? 'पाणी' म्हटलं तरी तोंडाकडे पाह्यते. आमची बोली येणारा माणूस नसला तं लेकरं आठ दिवसांत परत ढोरांमागं."

दर रविवारी ते सायकलवरून येत. कॅरिअरला कधी हरभऱ्याची जुडी, कधी कणसं. माझ्या खोलीत सतरंजीवर बसून आम्ही वाक्यं घोकत असू. नावं काढायची, त्या जागी 'इट', 'हिम', 'हर' घालायचं. पुट इट ऑन द टेबल. टेक हर टू द वेल. त्यांना हे सर्वनामांचं प्रकरण फार आवडे. घरी जाऊन ते बायकोवर सराव करत.

"काल तिले म्हटलं, ब्रिंग इट टू मी. म्हणते, काय आणू? म्हटलं, इट! म्हणते, ते इट कुठं ठेवलं तुमी? पूर्ण घर धुंडाळलं, सर, बिचारीनं. मंग रागानं चुलीतलं लाकूडच आणून देलं."

मी हसलो, तेही हसले. पण चार महिन्यांत ती तीन घरं त्यांच्या हातावर पक्की बसली. काम, वस्तू, माणूस. झोपेतून उठवून विचारलं असतं तरी वाक्य चुकलं नसतं.

परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी ते पुन्हा आले. मी घाईत होतो. मुलगी बघायला जवळच्याच एका गावी जायचं होतं, मोटार सुटायची वेळ झाली होती, आणि मी आरशापुढे भांग पाडत होतो.

"सर, एकच शंका. या पुस्तकात 'गिव्ह राम द बुक' लिहिलं आहे. इथं राम आधी काहून आला? माणूस आधी का वस्तू आधी?"

"माणूस आधी, गुरुजी," मी आरशातूनच म्हणालो. "बरोबर आहे ते."

नाव असेल तेव्हा तसंही चालतं, पण 'इट' आलं की वस्तूच आधी, हे पुढचं वाक्य मी बोललो नाही. ते दारात घुटमळले. "माणूस आधी," असं स्वतःशी पुटपुटत गेले.

परीक्षेला माझी पर्यवेक्षक म्हणून नेमणूक होती. गुरुजी माझ्याच खोलीत आले. शेवटचा अर्धा तास राहिला असताना मी त्यांच्या बाकामागे गेलो. सर्वनामांचा प्रश्न होता, पाच वाक्यांचा. स्वच्छ, टपोऱ्या अक्षरात त्यांनी लिहिलं होतं: गिव्ह टू हिम इट. ब्रिंग टू मी इट. पाचही वाक्यं तशीच. पाचही वेळा माणूस आधी.

मी तिथेच थांबलो. नुसतं खाकरलो असतो किंवा त्या ओळीवर बोट ठेवलं असतं तरी पुरलं असतं. पण मी पर्यवेक्षक होतो. चूक माझी होती आणि ती सुधारण्याची मनाईही मलाच होती. किती वेळ उभा होतो कोण जाणे. मग पुढच्या बाकाकडे गेलो.

गुरुजी चार गुणांनी नापास झाले. निकाल घेऊन माझ्याकडेच आले. "तुमी लय मेहनत घेतली, सर. माह्या टकुऱ्यातच बसत नाही." मी त्यांना चहा दिला.

जूनमध्ये तांड्यावर मॅट्रिक झालेला मास्तर आला आणि गुरुजींची बदली केळापूर तालुक्यात झाली. पुसदच्या मोटारस्टँडवर अर्धा तांडा लोटला होता. बायका त्यांच्या बायकोच्या गळ्यात पडून सूर लावून रडत होत्या. पहिलीची चिमुरडी काही न समजून मोटारीचं चाक चाचपत होती. कंडक्टरने दोनदा घंटी मारली, तरी कोणी हलेना. शेवटी गुरुजींनीच बायकोचा हात सोडवला आणि ते मोटारीत चढले.

पाच वर्षांनी निवडणुकीच्या कामावर मला केळापूरकडच्या एका पोडावर, म्हणजे कोलामांच्या वस्तीवर, पाठवलं. मतदानाचं केंद्र म्हणजे तिथली एकशिक्षकी शाळा, आणि शिक्षक गुरुजी. केस पिकले होते. त्यांनी परीक्षा परत दिली नव्हती. तांड्यावरची शाळा सातवीपर्यंत झाली होती. "पहिलीत मात्र पाचच लेकरं उरली म्हणतात," ते खाली बघत म्हणाले.

काम आटोपल्यावर आम्ही ओसरीत बसलो आणि मी सगळं सांगून टाकलं. आरसा, भांग, ती पाच वाक्यं, माझं उभं राहणं.

ते ओशाळल्यासारखे हसले.

"तुमची सावली पडली होती ना कागदावर. हालेचना. तवाच मले समजलं का काहीतरी चुकलं. तुमी गेल्यावर पुरा अर्धा घंटा मी तीच पाच वाक्यं वाचून राह्यलो होतो, सर. वरून खाली, खालून वर. तुमी सांगितलं तसंच तं होतं सारं. चूक काही सापडली नाही."