आक्कांचे उडालेले बल्ब

भाडेकरू खोली सोडून गेला की बाकीचे घरमालक आधी भिंतीत किती खिळे ठोकलेत ते बघतात. आमच्या आक्का आधी होल्डरमधला बल्ब बघायच्या. भोसरीत वर्कशॉपांच्या मागे त्यांच्या भाड्याच्या खोल्या होत्या. तिथून जाणारा जवळजवळ प्रत्येक जण एक काम न चुकता करायचा. चालू बल्ब काढून पिशवीत टाकायचा, होल्डरला कुठला तरी उडालेला बल्ब लावायचा आणि वर साळसूदपणे पाया पडून निरोप घ्यायचा! आक्का रागवायच्या नाहीत. "नेऊ दे की. नव्या घरात अंधारात बसायचं व्हय त्यांनी?" असं म्हणत तो उडालेला बल्ब पदराने पुसून घरात घेऊन जायच्या.

दिवाळी आली की ते बल्ब रंगायचे. शेजारच्या वर्कशॉपमधून मशिनला मारून उरलेला हिरवा ऑइलपेंट आक्का मागून आणत, त्यामुळे त्यांचे डोंगर, पोपट, देवळं, सगळं हिरवंगार. काडीला कापूस गुंडाळायचा आणि ज्याचा बल्ब त्याच्या गावचं काहीतरी त्यावर काढायचं. मग तारेवर बांधून ते आकाशकंदिलाच्या दोन्ही बाजूंना टांगायचे. एका कोकणातल्या भाडेकरूच्या बल्बवर त्यांनी समुद्र काढला होता. जन्मात कधी पाहिला नव्हता, तरी काढला. त्याला विहिरीसारख्या पायऱ्या होत्या.

"आक्का, समुद्राला कुठल्या हो पायऱ्या?" मी विचारलं.

"मग मान्सानं उतरायचं कसं?"

कप्पाळ!

त्यांची शेती कधीच कारखान्यांखाली गेली होती. मुलं मोठ्या फ्लॅटात राहायला बोलवायची, पण आक्का हलायच्या नाहीत. "एवढ्या पोरींनी माज्या दारात संसार मांडलं. त्यातलं काय तरी माज्यापाशी ऱ्हायला नको?" म्हणायच्या. दिवाळीत माळेखाली उभ्या राहून एकेका बल्बला हात लावत ते घर कुणाचं, आता कुठे असतं, पोरं काय करतात, सगळं सांगायच्या. खरं सांगतो, अशी बाई मी दुसरी पाहिली नाही.

माझी बायको सुनीता लग्न होऊन थेट आक्कांच्याच एका खोलीत आली. आमची मुलगी त्याच फरशीवर रांगली. माहेर लांब बीडकडे, त्यामुळे आक्का हेच तिचं माहेर. मला चाकणच्या कंपनीत नोकरी लागली, जवळच निघोज्याला फ्लॅट घेतला आणि निघायची वेळ आली, तेव्हा तिच्या मनात एकच गोष्ट होती. त्या माळेत आपला बल्ब लागला पाहिजे.

आणि मी शहाण्याने काय करावं? या माउलीने आपल्यासाठी इतकं केलं, निदान खोली तरी नीट परत द्यावी, म्हणून होल्डरला कोरा एलईडी लावला. आक्कांनी बटण दाबलं. लख्ख उजेड! त्यांचा चेहरा मात्र पडला.

"अरं बाबा, ह्यो तर पेटतोय. आता तुमचं काय टांगू मी?"

पेटत्या बल्बला रंग लावायचा नाही, हा त्यांचा नेम होता. "त्यो त्याचं काम करतोय, त्याला कशाला तरास?" म्हणायच्या. सुनीता टेम्पोत माझ्याकडे पाठ करून बसली, ती थेट निघोज्यापर्यंत.

दिवाळीला आम्ही फराळाचा डबा घेऊन भोसरीला गेलो. सुनीता माळेकडे बघायचंच टाळत होती. आक्कांनी हनुवटी धरून तिची मान वर केली. माळेच्या मधोमध, होल्डरमध्ये, आमचा बल्ब! त्यावर बाभळीखाली शेळी, करडू आणि एक मिशाळ बोकड. मिशा अगदी माझ्या. आणि बल्ब पेटलेला होता, ओसरीभर हिरवट उजेड पडला होता.

"मोडला बाई माजा नेम तुमच्यापायी," आक्का म्हणाल्या. "काय करू, तुमी उजेडच ठिवून गेला."

सुनीता त्यांच्या गळ्यात पडून रडली.

गेल्या वर्षी आक्का गेल्या. खोल्या पाडायच्या आधी मुलांनी जमेल त्याला बोलावून ज्याचा त्याचा बल्ब हातात दिला. आक्काच तसं सांगून गेल्या होत्या. आमचा आम्ही गॅलरीत लावला.

यंदा वसुबारसेला सुनीताने बटण दाबलं, तर तो पेटेना. मी काढून परत बसवून पाहिला, पण छे! नवीन घेऊन येतो म्हणून मी चपला घातल्या. तोवर सुनीताने तो बल्ब पदराने पुसला, त्याला तार गुंडाळली आणि आकाशकंदिलाच्या शेजारी टांगला.

"राहू द्या," ती म्हणाली. "आता आक्कांच्या नेमात बसला."