साडू, सूप आणि परदेशी पावणं

कोल्हापुरात फुटबॉल आधी कुणी आणला यावर जाणत्या मंडळींत वाद आहेत, आणि ते वाद कधी मिटू नयेत अशीच सगळ्यांची इच्छा दिसते. पण एकदा आलेला फुटबॉल या गावात टिकला तो आमच्या मामांच्या साडूंच्या घशावर, याबद्दल निदान आमच्या पेठेत तरी दुमत नव्हतं. नात्यानं ते मामींच्या थोरल्या बहिणीचे यजमान. मामा त्यांना 'साडू' म्हणत, ते ऐकून शेजारी म्हणू लागले, आणि बघता बघता सगळ्या पेठेनं एकाच घरच्या मुली केल्यासारखं त्यांना साडू करून टाकलं. मी तेवढा त्यांना काका म्हणत असे. ते मात्र मला नावानं कधीच हाक मारत नसत. मी इंग्रजी शाळेत नोकरीला लागलो त्या दिवसापासून त्यांचा 'मास्तर' झालो, आणि मला फुटबॉलमधलं काही कळत नाही असं त्यांना वाटलं की 'ओ मास्तर' होत असे. बहुतेक वेळ मी 'ओ मास्तर'च असे.

साडूंची पिठाची गिरणी होती. जात्याच्या घरघरीच्या वर आवाज चढवून बोलायची सवय जडल्यामुळे ते कानात सांगायची गोष्टसुद्धा गल्लीला ऐकू जाईल अशी सांगत. सदा भुवयांवर पीठ, मिश्यांत पीठ, आणि त्या पांढऱ्या चेहऱ्यात दोन लालबुंद डोळे. सामन्याच्या दिवशी दुपारी बरोबर गिरणीचा पट्टा तुटायचा. गिरणीच्या दारावर 'पट्टा तुटला आहे' अशी पाटी लटकली की आज मॅच आहे हे पेठेला समजायचं; हातातला डबा तिथंच ठेवून गिऱ्हाईकसुद्धा मैदानाकडे चालू लागायचं. मावशी म्हणजे त्यांच्या पत्नी एकदा मला म्हणाल्या, "ह्यास्नी आमच्या बाबांनी मुलगी उगंच दिली. बॉलशी लगीन लावून दिलं असतं तर सुखानं नांदलं असतं." आणि पलीकडच्या पेठेनं आम्हाला हरवलं, की त्या पेठेतल्या बायकांची ज्वारी आठवडाभर जाडीभरडी निघायची. तव्यावर टाकताना भाकरी मोडायची. तक्रार घेऊन कुणी आलंच, तर साडू शांतपणे सांगत, "जातं काय करंल? त्येलाबी दुःख हाय की."

मैदानाच्या कडेला एका कडुलिंबाखाली त्यांची जागा ठरलेली होती. तिथून ते प्रतिपक्षाच्या खेळाडूंना ज्या शिव्या देत, त्यांत कल्पकता असे. नुसत्या आईबहिणीवर समाधान मानणारा तो माणूस नव्हे. समोरच्या बॅकच्या चालीवरून त्याच्या घरातल्या म्हशीची चाल, म्हशीवरून तिचं दूध, दुधावरून ते पिऊन वाढलेली भावंडं, असा त्यांचा विस्तार चाले आणि शेवटी सगळं पुन्हा त्या बॅकच्या पायाशी येऊन थांबे. ऐकता ऐकता तो बॅकसुद्धा हसायचा, आणि तेवढ्यात आमचा फॉरवर्ड बॉल घेऊन निघून जायचा. पेठेच्या निम्म्या गोलांचं श्रेय लिंबाखाली जात होतं.

अशा माणसावर संस्थान विलीन झाल्यानंतरच्या एका वर्षी मोठा प्रसंग आला. आपल्या देशात फुटबॉलची एक मोठी आंतरराष्ट्रीय स्पर्धा भरायची होती. तिच्यासाठी येणारा एक परदेशी संघ स्पर्धेआधी सरावाचा सामना खेळायला कोल्हापुरात उतरणार असं ठरलं. त्या वर्षी गावात पहिली आलेली टीम आमच्या पेठेची, म्हणून खेळण्याचा मान आम्हाला मिळाला. देशाचं नाव मी सांगत नाही. साडूंनी त्या नावाचे महिनाभर जे उच्चार केले, ते ऐकून खरं नाव मलाच आता खात्रीनं आठवत नाही. पेठेच्या तालमीत बैठक भरली आणि स्वागताची जबाबदारी कुणाकडे द्यायची असा प्रश्न निघाला. साडू उभे राहिले. "माझ्याकडं द्या," ते म्हणाले. "पावणं जाताना कोल्हापूरचं नाव काढीत गेलं न्हाईत, तर मी परत मैदानात पाऊल टाकणार न्हाय." साडूंनी मैदान सोडणं म्हणजे लिंबानं मैदान सोडण्यासारखंच होतं. त्यांचं सगळ्यात मोठं सुख त्यांनी पणाला लावलं होतं.

मग तयारी सुरू झाली. मैदानावरचे खडे गोरगरिबांच्या तांदळातल्यासारखे निवडून काढले. चरायला येणाऱ्या म्हशींना बंदी झाली. गोलाला खरी जाळी हवी म्हणून रंकाळ्यावरच्या भोयांकडून मासे धरायची जाळी आणली. तिचा वास दोन दिवस उन्हात टाकूनही गेला नाही. पण साडूंना खरी काळजी होती ती प्रेक्षकांची. "पावण्याला शिवी द्यायची न्हाय," त्यांनी फर्मान काढलं. "आपल्या दारात आलेलं माणूस हाय. आहो-जाहो करायचं." हे वाटलं तितकं सोपं नव्हतं. म्हणून पलीकडच्या पेठेला बोलावून एक रंगीत तालीम झाली. दोन हजार माणसं मैदानाभोवती उभी, आणि तोंडातून शिवी नाही. कुणीतरी आवंढा गिळून म्हणे, "आहो बॅक, जरा सरकता का?" दुसरा म्हणे, "गोलकीपरसाहेब, हात लावा की बॉलला." खेळाडू बावचळले. कोणी पळेना, कोणी बॉल मारेना. थोड्या वेळानं पंचांनी शिट्टी वाजवून खेळ थांबवला आणि टोपी काढून लिंबाखाली आले. "साडू," ते हलक्या आवाजात म्हणाले, "कोण गेलं?"

पाहुणे सकाळच्या गाडीनं आले. धिप्पाड, गोरे, मोजे गुडघ्यापर्यंत ओढलेले. साडूंनी स्टेशनवर प्रत्येकाला स्वतःच्या हातानं फेटा बांधला आणि प्रत्येकाला म्हणाले, "या पावणं." पाहुण्यांना ते नमस्कारासारखं काहीतरी वाटलं असावं. कप्तान सगळ्यांत उंच होता, त्यानं खाली वाकून, हात जोडून, मोठ्यानं "पावणं!" म्हटलं, आणि साडूंच्या पिठाळ मिशीखाली मी पहिल्यांदा लाजरं हसू पाहिलं. दुभाष्या म्हणून माझी नेमणूक झाली होती. पाहुण्यांपैकी फक्त मॅनेजरला इंग्रजी येत होतं. ते मोडकं होतं, आणि माझंही त्याच तोलाचं असल्यामुळे आमचं जमलं.

दुपारी तालमीत पंगत मांडली होती. ते दृश्य बघून मॅनेजर मला बाजूला घेऊन म्हणाला, की सामन्याआधी मुलं फार खात नाहीत, थोडं सूप चालेल. मी ते साडूंना सांगितलं. साडूंनी माझ्याकडे रोखून पाहिलं. "सूप?"

"हो काका, सूपच म्हणतोय तो."

"काय पाखडनार हाईत?" पण पाहुण्यांचा शब्द मोडायचा नाही म्हणून त्यांनी माणूस पिटाळला, आणि गिरणीतलं वेळूचं सूप आणून मॅनेजरच्या पुढं अदबीनं ठेवलं. मॅनेजरनं ते उलटंसुलटं करून पाहिलं. ही स्थानिक भेटवस्तू आहे असं समजून त्यानं छातीशी धरलं आणि वाकून आभार मानले. मग मी सूप म्हणजे पातळ रस्सा, हे समजावलं. साडूंचा चेहरा खुलला. "मग असं बोला की, ओ मास्तर! पांढरा!"

आणि पांढरा रस्सा आला. पाहुण्यांना तो फारच आवडला. वाटी रिकामी झाली की भरली जाई. मग पांढऱ्याला जोड म्हणून तांबडा आला, तांबड्याला जोड म्हणून सुकं मटण, मटणाला भाकरी, भाकरीवर भात. पाहुणे वाटीवर हात आडवा धरू लागले. मॅनेजर मला काकुळतीनं म्हणाला, पुरे म्हणून सांगा. मी सांगितलं. "पुरे म्हंत्यात म्हंजी लाजत्यात," साडू म्हणाले आणि स्वतः पळी घेऊन त्या हाताच्या कडेनं रस्सा ओतला. आमच्याकडे नको म्हणणं ही पाहुण्यांची रीत आणि वाढणं ही यजमानांची. ती रीत त्या बिचाऱ्यांच्या देशात पोहोचलेली नव्हती. मी शेवटी म्हणालो, "काका, अहो त्यांना चार वाजता पळायचंय."

"म्हणून उपाशी पळवू व्हय?" ते खरोखर दुखावले. "मी काय कसाई हाय?"

चार वाजता सामना सुरू झाला तेव्हा पाहुणे पळत नव्हते; ते फिरायला निघाल्यासारखे चालत होते. त्यांचा फॉरवर्ड बॉलपाशी वाकला तो पोट धरून वाकलेलाच राहिला. आमची पोरं अनवाणी, हलकी, सकाळपासून धास्तीनं काही न खाल्लेली. मध्यंतरापर्यंत आमचे दोन गोल झाले, भोयांच्या जाळीत बॉल दोनदा माशासारखा अडकला. मैदान नाचायला लागलं. लोकांनी साडूंच्या पाठीवर थापा मारल्या. "साडू, काय डाव टाकला! मटणानं मॅच मारली की राव!" कुणी त्यांना खांद्यावर उचलायला धावलं.

साडूंनी त्यांचे हात झटकले. त्यांचा चेहरा पीठ नसतानाही पांढरा पडला होता. लोक थट्टेनं म्हणत होते ते त्यांना तेव्हाच पहिल्यांदा उमगलं. पाहुण्याला पोटभर जेवू घातलं आणि त्याच जेवणानं त्याला पाडलं, असा त्याचा अर्थ होत होता. लिंबाखालची जागा सोडून, सगळ्या मैदानाला वळसा घालून, ते पलीकडे पाहुण्यांच्या बाजूला जाऊन उभे राहिले. इतक्या वर्षांत साडूंना त्या बाजूला कुणी पाहिलं नव्हतं. शिट्टी वाजली आणि कोल्हापूरचा सगळ्यात मोठा आवाज आमच्याविरुद्ध उठला. "उठा पावणं! पळा पावणं! आवं, रस्सा जिरला आता, हाना की!"

पाहुण्यांना एवढाच शब्द येत होता, आणि तो ओळखीचा होता. कप्तानानं मान वळवून पाहिलं, हसला, आणि खरोखर पळायला लागला. उतरतं ऊन, जिरत चाललेला रस्सा आणि कडेकडेनं त्यांच्याबरोबर धोतर सावरत धावणारे साडू. पहिला गोल झाला तेव्हा मैदान सुन्न होतं. दुसरा झाला तेव्हा पलीकडच्या पेठेची मंडळी "पावणं! पावणं!" ओरडू लागली, त्यांचा हेतू साडूंइतका शुद्ध नव्हता. शेवटी पाहुणे तीन-दोननं जिंकले. कप्तान धावत आला, घामानं भिजलेल्या हातांनी त्यानं साडूंना उचललं आणि म्हणाला, "पावणं!" साडूंच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. घरच्या पेठेची हार आणि घरच्या पाहुण्याची जीत, यातलं नक्की कशाचं, हे त्यांनाही सांगता आलं नसतं. गाडी सुटेपर्यंत पाहुणे कोल्हापूरचं नाव काढत होते, आणि मॅनेजरनं ते सूप खिडकीतून हलवत निरोप घेतला.

आमची पेठ मात्र रुसली. बरेच दिवस कुणी साडूंकडे दळण टाकलं नाही. पोरं त्यांच्याशी बोलेनात. मामासुद्धा दोन दिवस 'साडू' न म्हणता 'अहो' म्हणत होते. उलट पलीकडच्या पेठेतल्या बायका डबे घेऊन रांगेनं यायला लागल्या. त्यांचं पीठ त्या दिवसांत असं बारीक निघालं, की तशी भाकरी त्यांनी आधी कधी थापली नसेल. मी काकांना विचारलं, "अहो, ही तर दुश्मनांची ज्वारी." ते म्हणाले, "दारात आली की पावण्यांची हुती, मास्तर." 'ओ' लावला नाही, हे माझ्या लक्षात आलं. पुढं पेठेचा राग निवळला, पुन्हा पट्टा तुटू लागला, लिंबाखाली शिव्या फुलू लागल्या. त्या ऐकताना मला इतकं बरं वाटलं, की तसं एका मास्तराला वाटू नये.

पुढं माझी बदली झाली आणि कोल्हापूर सुटलं. परवा बऱ्याच वर्षांनी गेलो, तर गिरणी पुतण्या चालवत होता. "काका मैदानावर हाईत," तो म्हणाला. "रोज जात्यात. मॅच असू दे, नसू दे." मी गेलो. मैदान रिकामं होतं, म्हशी चरत होत्या. लिंबाखाली साडू बसले होते, खूप वाळलेले. भुवया तशाच पांढऱ्या, पण ते आता पीठ नव्हतं. मी जवळ जाऊन म्हणालो, "काका." त्यांनी बराच वेळ माझ्या तोंडाकडे पाहिलं. मी वाट बघत होतो. मला 'मास्तर' नको होतं, 'ओ मास्तर'च हवं होतं.

मग ते एकदम हसले, थोडे सरकले आणि शेजारची जागा हातानं झाडत म्हणाले, "या पावणं, बसा."

मी बसलो. त्यांनी खिशातून मूठभर भाजलेल्या शेंगा काढून माझ्या ओंजळीत ओतल्या आणि त्या जुन्या, गिरणीच्या आवाजात, सगळ्या रिकाम्या मैदानाला ऐकू जाईल असं, पण मोठ्या मायेनं मला सांगितलं, "खावा. पर बेतानं खावा हं, पावणं. चारला तुमास्नी पळायचं हाय."