वहिनीचा विंचू

माझी आई विंचू उतरवायची. सांगलीच्या वरच्या अंगाला, कृष्णेकाठी आमचं गाव. भोवती ऊस आणि हळद, आणि उसाच्या वाळल्या पाचटाच्या ढिगात हटकून विंचू. त्यामुळं आईला उसंत अशी नसेच. कुणी जेवणाच्या ताटावरून उठवलं तरी उठायचं आणि त्या घरचं पाणीसुद्धा प्यायचं नाही, हा तिचा नेम. मला त्या विद्येचा राग यायचा. गावाचे विंचू उतरायचे आणि आमच्या भाकरी तव्यावर करपायच्या.

तिची रीत अशी. आघाड्याचं मूळ खांद्यापासून बोटांकडं फिरवत पुटपुटायचं आणि मधूनमधून विचारायचं, "कुठवर आला?" ज्याला चावलाय त्यानं सांगायचं, कोपरापर्यंत आला, मनगटापर्यंत आला. शेवटी त्याच्या तोंडून "उतरला" असं निघालं की काम झालं. आत कळ किती आहे, हे बाहेरच्याला कसं दिसणार? सगळा कारभार चावलेल्याच्या शब्दावर चालायचा.

लढाईची वर्षं होती. मी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आले होते. दादा लग्नानंतर ओल्या हळदीच्या अंगानंच पलटणीत परत गेलेला, आणि नवी वहिनी घरात. ती माझ्याच वयाची, कवठे महांकाळच्या कोरडवाहू मुलखातली. नदीला एवढं पाणी बघून तिला अजून नवल वाटायचं. माझी शेकशेगडी तीच करायची. "दादाचं पत्र आलं की आमटीत मीठ दोनदा पडतं," अशी मी बाजेवर पडून तिची थट्टा करायची आणि ती तोंडाला पदर लावून हसायची. आईपुढं मात्र तिचा आवाज फुटत नसे. आई काही खाष्ट सासू नव्हती. पण अख्खं गाव जिच्या पाया पडतं, तिच्यापुढं कुठलीही सून दबूनच राहणार.

हळद शिजवायचे दिवस होते. दुपारी चुलाणाला जळण हवं म्हणून वहिनीनं पाचटाचा कवळा उचलला आणि ती किंचाळली. विंचू लहानसाच होता, तांबूस. बघता बघता शेजारच्या बायका अंगणात जमल्या. घरची विद्या घरच्या माणसाला लागू पडत नाही, अशी गावात बोलवा होती, आणि त्याचं खरंखोटं आज होणार होतं. बाळंतिणीनं उंबरा ओलांडायचा नाही, म्हणून मी दाराआड बसून ऐकत होते.

"कुटवर आला गं?" आईनं विचारलं.

"खांद्यापातुर हाय, आत्याबाई." वहिनी कण्हत होती.

"आन् आता?"

"कोपराला."

बायकांची कुजबुज थांबली. आई पुटपुटत राहिली. मग पुन्हा, "आता गं?"

उत्तर लवकर आलं नाही. मग वहिनी मोठ्यानं, पार अंगणाच्या कडेला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "उतरला, आत्याबाई."

"बगा, घरच्याला बी गुन आला!" कुणीतरी म्हणालं. आई हसली. आईचं हसू क्वचित ऐकू यायचं, म्हणून ते माझ्या ध्यानात राहिलं.

जरा वेळानं वहिनी माझी शेगडी फुलवायला आत आली आणि बाजेला टेकून खालीच बसली. "वन्सं, गार वाटतंय वो," म्हणाली. शेगडीपाशी, त्या उन्हाळ्यात. मी तिचा हात धरला तर तो ओलागार, नुकता आडातून काढल्यासारखा. कपाळावरून घाम निथळत होता, चोळी पाठीला चिकटली होती.

"दुखतंय का गं?" मी विचारलं.

"न्हाई वो. उतरला न्हवं का." असं म्हणताना तिनं दाराकडं पाहिलं. दारात आई उभी होती.

मग तिला वांत्या सुरू झाल्या, आणि छातीत घरघर. गाडी जुंपली. आई तिचं डोकं मांडीवर घेऊन बसली. सांगलीत डॉक्टरांच्या ओट्यावर उतरवली तेव्हा वहिनी गेलेली होती.

डॉक्टरांनी आईला जे सांगितलं, ते आईनं मला सांगितलं. या तांबड्या विंचवाचं दुखणं कधी कधी थांबतं आणि विष तिकडं काळजावर चढत असतं. घाम, वांती, गार पडलेले हातपाय, खरी खूण ती. दुखणं विचारून काही कळत नाही. लवकर आणली असती तरी नेमकं औषध त्यांच्याकडं नव्हतं. आता त्यावर गोळी आहे म्हणतात. आहे तर आहे. वहिनीला तिचा काय उपयोग?

म्हणजे वहिनी खरंही बोलली असेल. कळ थांबलीच असेल. किंवा चार बायकांत सासूची मान खाली जाऊ नये म्हणून बोलली असेल. तो "उतरला" माझ्या कानातून अजून गेलेला नाही. भर दुपारी घर शांत असलं की तो मोठ्यानं, स्पष्ट ऐकू येतो. मी तो खरा की खोटा हे पारखायला बघते, आणि तेवढ्यात तो थांबलेला असतो.

आईनं विद्या सोडली नाही, नाही म्हणायची तिला मुभाच नव्हती. पण "कुठवर आला" हे विचारणं तिनं बंद केलं. मूळ बाजूला ठेवून ती आधी माणसाचे तळहात चाचपायची, आणि गार लागले की गाडी जुंपायला ओरडायची.

पुढं दादा रजेवर आला. आई त्याच्यापुढं भिंतीला टेकून बसली. त्यानं ओरडावं, तूच मारलीस म्हणावं, यासाठीच जणू ती बसली होती. मीही तिथंच होते. दादानं पाण्याच्या तांब्याला हात लावला नाही. तो म्हणाला, "लय दुखलं का गं तिला?"

"न्हाई रं," आई म्हणाली. "उतरला हुता."

"मग बरं झालं," म्हणून दादानं तिच्या मांडीवर डोकं ठेवलं आणि लहान पोरासारखा रडला. आई त्याच्या पाठीवरून हात फिरवत होती. तिचे डोळे मात्र माझ्यावर होते. वहिनी गार पडत होती तेव्हा तिचा हात मी धरला होता, खरं काय ते मी सांगावं म्हणून ती बघत होती. मी मान खाली घातली. मला तरी कुठं माहीत होतं?